न चाखलेली बुंदी

अक्का, तुम्हाला शेवटची आंघोळ घालताना मी सगळ्यांत आधी तुमचे पाय बघितले. बायका तोंडाला हळद लावत होत्या, कुणी हिरवं लुगडं उलगडत होतं, वन्सं उंबऱ्यात बसून हंबरडा फोडत होत्या. आणि मी खाली बसून तुमच्या पायाचं एकेक बोट धुवत होते. दाही बोटं जागच्या जागी. टाचेला भेगा होत्या तेवढ्याच, त्या तर भट्टीपुढं उभं राहणाऱ्या बाईला असतातच. जखम नाही, काळा डाग नाही. मी मान वर करून म्हणाले, "बघा गं, माझ्या जावेचं पाय बघा!" बायकांना वाटलं, मालनला दुःखानं भ्रम झाला. भ्रम-बिम काही नव्हता. मला अभिमान वाटत होता आणि तो त्याच घडीला कुणाला तरी सांगायचा होता. जिला सांगायचा ती तर पाटावर निजली होती.

त्या पायांसाठी तुम्ही काय काय सोडलंत ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. तुमच्या नवऱ्यालाही नाही.

तुमच्या आईचं तुम्ही कधी विसरला नाहीत. आटपाडीकडच्या त्या माळावरच्या घरात म्हातारी बाजेवर बसलेली असायची, एक पाय लुगड्याखाली आणि दुसरा नाहीच. साखरेनं आधी अंगठा नेला, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. बसल्या जागेवरून ती कोंबड्यांवर ओरडायची आणि कोंबड्यासुद्धा तिला जुमानायच्या नाहीत. तिचं सगळं तुम्ही केलंत. म्हणून विट्याच्या डॉक्टरांनी तुमचा कागद बघून "साखर आहे" म्हटलं तेव्हा तुम्ही रडला नाहीत. एवढंच विचारलंत, "पाय ऱ्हातील न्हवं?"

"नीट वागलात तर राहतील," डॉक्टर म्हणाले.

एसटीत बसल्यावर तुम्ही मला म्हणालात, "मालन, मला भट्टीपुढं उभं ऱ्हायाचंय. झारा काय बसून हानता येत न्हाई."

आपलं पोट त्या झाऱ्यावर होतं, आणि आपली ऐटसुद्धा. कडेगावपासून आटपाडीपर्यंत लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, लोक आपल्या दोघींना बोलवायचे. 'जावांची बुंदी' म्हणून नाव पडलं होतं आपल्या बुंदीला. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला साधा भात नीट जमत नव्हता, एक तर खाली लागायचा नाहीतर गिच्च गोळा व्हायचा. तुम्ही मला कधी हसला नाहीत. उचललंत आणि भट्टीपुढं उभं केलंत. "हात भाजल्याबिगर हात बसत न्हाई," म्हणालात. हात भाजला. हात बसला. आज चार माणसं मला आचारीण म्हणून ओळखतात ती तुमच्यामुळं, हे मी तुमच्या तोंडावर कधी बोलले नाही, कारण तुम्ही म्हणाला असता, "पुरं आता, कांदा चिर."

सुरुवातीला तुम्ही गोळी घेत होता आणि खात होता ते सगळं पूर्वीसारखंच. साखर काही हलेना. डॉक्टरांनी एकदा नीट बसवून विचारलं, दिवसभर काय काय खाता? तुम्ही एकेक सांगत गेलात. सकाळी गोड चहा, त्यात बुडवून बटर. दुपारी भाकरी, भात. संध्याकाळी पुन्हा भाकरी. "आनि सोमवार, संकष्टी, येकादशी कडक उपास करती बगा," तुम्ही छाती फुगवून म्हणालात.

"उपासाला काय खाता?"

"साबुदान्याची खिचडी. रताळी. वरीचा भात. दुसरं काय खानार, उपासच हाय की!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. तुमची साखर सगळ्यांत जास्त चढते ती उपासाच्याच दिवशी, हे त्यांनी समजावून सांगितलं तेव्हा तुम्ही आणि मी दवाखान्यात इतक्या हसलो की बाहेरच्या नर्सबाई डोकावून गेल्या. घरी येऊन तुम्ही उपास बंद केलेत. वन्सं सांगलीहून आल्या होत्या, त्यांनी तोंडावर हात घेतला. "वैनी, येकादशी मोडली?" तुम्ही शांतपणे मेथीची भाजी ढवळत म्हणालात, "इठ्ठलाला माज्या पायाची काळजी हाय. त्यो काय म्हनत न्हाई."

उपास सोडला ते एक वेळ लोकांनी खपवून घेतलं. भाकरी सोडली ते मात्र कुणाच्या गळी उतरेना. आपल्याकडं माणूस भेटला की आधी 'भाकरी खाल्ली का' असं विचारायची रीत. भाकरी नाही म्हणजे जेवणच नाही. आणि घरच्या बाईनं भाकरीला हात लावला नाही म्हणजे ती रुसली, याला दुसरा अर्थच नाही. ताटात नुसती दोडक्याची भाजी, दोन उकडलेली अंडी, शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर ताक घेऊन तुम्ही बसलात, आणि दादा बघतच राहिले. पलटणीत हवालदारकी केलेला माणूस, पण बायको रुसली म्हटल्यावर घाबरला. तिसऱ्या दिवशी मला परसात गाठून हळूच म्हणाले, "मालन, हिला माजं काय लागलंय गं? मी तर काय बोललो न्हाई. काय गलती झाली आसंल तर इचार की." मी तुम्हाला येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही पदर तोंडात कोंबून हसत होता. मग त्यांच्यापुढं जाऊन म्हणालात, "आवं, मी तुमच्यावर न्हाई, भाकरीवर रुसलीया." दादांचा जीव भांड्यात पडला. पण तेही काही कच्चे नव्हते. त्या दिवसापासून तुमच्यासमोर गरम शाळूची भाकरी चुलीवर फुगली की तोंड फिरवून खायचे. मला वाटायचं, लाजतात. तुमच्या जिभेला त्रास नको म्हणून तसं करत होते.

एक चूक मात्र तुम्ही केलीत, आणि ती आपल्यातल्या बायकाच करू जाणोत. हे सगळं तुम्ही व्रतासारखं धरलंत. व्रताचं कुणाला सांगायचं नसतं म्हणून डॉक्टरांनाही सांगितलं नाहीत. त्यांनी हळूहळू कमी करा म्हटलं होतं. तुम्ही साखर, भाकरी, भात, सगळं एका दमात बंद केलंत आणि गोळी मात्र पहिल्याएवढीच चालू. कडेगावच्या त्या लग्नात, कढईत बुंदी पडत होती आणि तुमच्या हातातला झारा थरथरायला लागला. मी बघते तर तुम्ही घामानं निथळताय. भट्टीचा घाम वेगळा असतो आणि हा वेगळा. हात लावला तर गार. डोळे भलतीकडंच. "अक्का!" म्हटलं तर "आं?" एवढंच.

मी तुम्हाला धरून खाली बसवलं. शेजारी परातीत पाकातली बुंदी मुरत होती, ती मूठभर उचलली आणि तुमच्या तोंडात घातली. "चावा, अक्का. गिळा. माझ्या गळ्याची आण हाय." तुम्ही चावलीत. आणखी घातली. थोड्या वेळानं तुमच्या डोळ्यांत माणूस परत आला. मी रडत होते, हाताखालच्या पोरी पाण्याला धावल्या होत्या, आणि तुम्ही पहिलं वाक्य काय बोललात? "मालन, येलची कमी पडलीया."

तुमच्या जिभेवर गोड पडलं ते त्या दिवशी शेवटचं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तुम्हाला असं झापलं की मी कोपऱ्यात अंग चोरून उभी. "गोळी तेवढीच ठेवून जेवण तोडलंत, साखर खाली जाणारच! जीव गेला असता. मला का नाही सांगितलं?" तुम्ही खाली मान घालून म्हणालात, "वरताचं सांगत न्हाईत, डाक्टर." ते बिचारे खुर्चीत मागं टेकले. मग म्हणाले, "बरं बाई, व्रत चालू ठेवा. पण या व्रताचा भटजी मी. मला विचारल्याशिवाय काही नाही."

तिथून पुढं सगळं नीट झालं. दर खेपेला रक्त तपासायचं, गोळी थोडी उतरवायची, पुन्हा तपासायचं. एक दिवस ते म्हणाले, आता गोळीशिवाय राहून बघू, पण तपासणी चुकवायची नाही, आणि वाढली तर पुन्हा गोळी, त्यात लाज कसली. ती पुन्हा घ्यावी लागली नाही. शेवटपर्यंत नाही. तुम्ही दवाखान्यातून बाहेर आलात, चपला घातल्यात, आणि स्टँडपर्यंत माझ्यापुढं चालत गेलात. मला पळत तुम्हाला गाठावं लागलं. मागून ते पाय बघताना मला जे वाटलं ते मी तिथं बोलले नाही. मी आपली म्हणाले, "आवं, एसटी कुटं पळून चाललीय?"

गावात तुमचा बोलबाला झाला. बायका विचारायला यायच्या, अक्का, आमी पन भाकरी सोडू का? तुम्ही प्रत्येकीला एकच सांगायचात, "मी भट्टीपुढं पडलीया एकदा. तुजं आंग येगळं, माजं येगळं. आदी डाक्टरला इचार, मग माज्याकडं भाजी शिकायला ये." शिकवलीतही. शेपूची, घोसाळ्याची, वांग्याचं भरीत, कारळाची चटणी. भाकरीवाचून भाजी पोटभर खायची तर ती जरा कमी तिखट करावी लागते, हे मला तुमच्याकडूनच कळलं.

पण आपला धंदा गोडाचा, अक्का. तिथं तुम्ही काय केलंत हे आठवलं की अजून माझा ऊर भरून येतो. बुंदी करायची, जिलेबी करायची, श्रीखंड घोटायचं आणि जिभेवर कण ठेवायचा नाही. मी म्हटलं होतं, कसं जमणार? तुम्ही म्हणालात, "द्येवाचा निवद आपुन चाकून बगतो का? न चाकता करतो, आनि बराबर हुतो. मग सगळ्या पंगती द्येवाच्याच समजायच्या." पाकाची तार बोटांत धरून बघायचात. बुंदीचा आवाज ऐकायचात, तळताना चरचर कमी झाली की काढायची. वेलचीचा वास नाकानं मापायचात. आणि सगळं झालं की पळी माझ्यापुढं धरायचात. "चाक गं. जमलंय?"

मी तुमची जीभ होते. मला ते मिरवायला आवडायचं, आत्ता सांगते.

आणि दर वेळी पाक चुलीवर चढला की तुम्ही कनवटीची डबी काढून एक लवंग गालात धरायचात. मी विचारलं तर म्हणायचात, दाढ दुखतीय.

आपलं भांडण एकच, आणि ते टेम्पोत बसलं की सुरू व्हायचं. रिकामी पातेली मागं खडखडायची आणि मी तोंड सोडायची. "गोळी घ्यायची आन घास खायाचा, येवढं सोपं हाय की. जीभ दिलीय कशाला द्येवानं?" तुम्ही म्हणायचात, "तुजी हाय की. करायचं म्या, खायाचं तू. वाटनी झाली." मला राग यायचा. तुमचा नाही, त्या वाटणीचा. यजमानीण हातात जिलेबीचं ताट घेऊन मागं लागायची, "आचारीनबाई, तुमी न्हाई खाल्लं तर आमाला ग्वाड लागनार न्हाई," आणि तुम्ही हसत हसत ताटावर हात आडवा धरायचात. तो आडवा हात बघून मला वाटायचं, ही बाई उपाशी राहून लोकांची तोंडं गोड करतेय.

म्हणून गेल्या हंगामातल्या त्या शेवटच्या लग्नात मी विचारलंच. आटपाडीला, जिलेबी चालू होती. "खरं सांगा, अक्का. येवढी वर्सं झाली. येकदाबी जीव झाला न्हाई खायाचा?" तुम्ही कढईतून मान वर काढली नाहीत. गालातली लवंग या बाजूची त्या बाजूला केलीत. म्हणालात, "सांगती. ह्यो घाना निघू दे."

घाणा निघाला. तेवढ्यात नवरदेवाचा चुलता ओरडत आला, पंगत बसली, वाढपी कुठायत? आपण धावलो. परतताना टेम्पोत तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपलात. मी म्हटलं, उद्या विचारीन. मग हंगाम संपला, पाऊस लागला, आणि डेंग्यूचा ताप आला. दवाखान्यातही तुम्ही सलाइनच्या बाटलीकडं बोट करून विचारलंत, "ह्यात साखर हाय का?" नर्स हसली. मीही हसले. सकाळी तुम्ही नव्हता.

मग घरात बोलणी सुरू झाली. "भाकरी खाल्ली आसती तर तापाला त्वांड दिलं आसतं." कोण म्हणालं ते जाऊ दे. डॉक्टर स्वतः येऊन दादांना सांगून गेले की तापच तसा भयंकर होता, जेवणाचा त्याच्याशी संबंध नाही, उलट या वयात यांच्यासारखी तब्येत मी कमी बघितली. तरी लोक ते लोकच. आणि वन्संनी तर डोळ्याला पदर लावून तेराव्याचं ठरवूनच टाकलं. बुंदी, जिलेबी, पुरणपोळी, श्रीखंड, सगळं तुमच्या फोटोपुढं मांडायचं. "उपाशी गेली गं माजी वैनी. गोडात जीव आडकला आसंल तिचा. आता तरी पोटभर खाऊ दे." माया होती ती, मला कळत होतं. पण माझं डोकं फिरलं. "उपाशी म्हनू नका, वन्सं! माझी जाऊ उपाशी न्हवती!" असं ओरडले मी. ओरडले खरी, पण आतून हलले होते. कारण मला तरी कुठं ठाऊक होतं? तुम्ही उत्तर दिलंच नव्हतंत. वन्संचं खरं असलं तर? मी ताट रिकामं ठेवलं आणि तुमचा जीव खरंच तिथं घोटाळत असला तर?

दादा भिंतीला टेकून बसले होते. तिथूनच म्हणाले, "तिचं ताट मालन लावंल. आर्डर समजा." आणि विषय मिटला. मिटला म्हणजे माझ्या डोक्यावर आला.

तेराव्याला पंगतीसाठी बुंदी मीच करायला घेतली. दुखवटा गोडानं सुटतो, लोकांचं तोंड गोड करून पाठवायलाच हवं, त्याला माझी ना नव्हती. पण निवद तुमचा होता, म्हणून चाखायची नाही असं मी ठरवलं. जन्मात पहिल्यांदा मी न चाखता बुंदी करत होते, अक्का. पाक चढला. बुंदीच्या कळ्या पाकात पडल्या. वेलचीचा, तुपाचा वास उठला. आणि माझ्या तोंडाला असं पाणी सुटलं की मला माझीच लाज वाटली. घरात तेरावं आणि बाईची जीभ चळतेय! पळीत बुंदी घेऊन हात तोंडापर्यंत आला सुद्धा. आजवर मला हे कधी कळलंच नव्हतं, कारण पळी आली की मी खातच होते. त्या वासात तोंड रिकामं ठेवून उभं राहणं काय असतं, हे मी एकदाही केलं नव्हतं.

पळी खाली ठेवली आणि मसाल्याच्या डब्यातली लवंग उचलून गालात धरली. कुणी सांगितलं नव्हतं, हातच गेला. चावली. जीभ बधिर झाली, तोंडाचं पाणी आटलं, आणि मी भट्टीपुढं मटकन खाली बसले.

दाढ दुखतीय म्हणे! अहो, मरेपर्यंत तुम्ही अख्खी सुपारी दाढेखाली फोडत होता. कसली दाढ आणि कसलं काय.

घाणा निघाला, अक्का. तुमचं उत्तर मिळालं मला. जीव होत होता. एकदा नाही, दर पंगतीला. जिलेबीच्या प्रत्येक घाण्याला, श्रीखंडाच्या प्रत्येक पातेल्याला होत होता आणि तुम्ही एक लवंग गालात धरून तिथंच उभ्या राहत होता, स्वतःच्या दोन पायांवर. मला वाटत होतं तुमची वासना मेली असेल, म्हणून तुम्हाला सोपं जातं. कसलं सोपं! आणि आम्ही तुमची कीव करायला निघालो होतो. मी तिथं बसून रडले, पण अक्का, गर्वानं रडले. गावातल्या कुठल्या पैलवानानं एवढ्या कुस्त्या मारल्यात, दाखवा मला.

मी उठले आणि तुमचं ताट लावलं. मेथीची भाजी, दोडका, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर ताक, लोण्याचा गोळा. अंडं ठेवायचं फार मनात होतं, पण वन्संनी माहेर सोडलं असतं. आणि ताटाच्या कडेला, मीठ वाढतात तिथं, एक लवंग.

वन्सं पदर सावरत वाटीभर बुंदी घेऊन आल्या. "येवढी तरी वाडू दे गं, मालन. तिला लय आवडायची."

मी ताटावर हात आडवा धरला. तुमच्यासारखाच.

"व्हय वन्सं," मी म्हणाले, "लय आवडायची. म्हनूनच न्हाई वाडायची."

वन्संनी ताटातल्या त्या लवंगेकडं बघितलं. काय कळलं, किती कळलं, देव जाणे, पण वाटी घेऊन मागं सरल्या. दादांनी तुमच्या फोटोकडं बघून नुसती मान हलवली, परेड बघून साहेब हलवतात तशी.

पंगत उठली. लोक बोटं चाटत गेले. सगळे गेल्यावर मी परातीतली उरलेली बुंदी पळीत घेतली आणि सवयीनं चाखली. वेलची कमीच पडलीय, अक्का.